सातव्या इनिंगचा प्रश्न

“आज अजून एकालाही तुमचा बॉल मारता आलेला नाही, खरं ना?”

प्रश्न शुभा आगाशेने विचारला, आणि तोही अशा ठणठणीत इंग्रजीत की पुण्यातल्या तिच्या जुन्या शाळेच्या बाई तिथे असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. पण तिथे बाई नव्हत्या. तिथे होतं जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या टेकडीवरचं, अमेरिकन सैन्याच्या तळाचं मैदान, एक लांबलचक लाकडी बाक, आणि त्या बाकावर बसलेले बेसबॉलचे खेळाडू. प्रश्न ऐकला आणि सगळ्यांचे जबडे एकदम थांबले; इतका वेळ ते रवंथ केल्यासारखे च्युइंगम चघळत होते. एकाने पाण्याचा पेला ओठाला लावला होता, तो तसाच राहिला. आणि ज्याला प्रश्न विचारला तो कॉर्पोरल वेंडल प्रुइट, बाकाच्या पार टोकाला एकटाच बसलेला, त्याने मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो छपराच्या कडेवर झोपला होता आणि हिने त्याला गदागदा हलवून उठवलं.

“नाही आला, मॅम,” तो हळूच म्हणाला.

शुभाने हसून मान डोलावली, पोनीटेल उडवली आणि ऐटीत परत फिरली. मैत्रिणींनी दिलेलं आव्हान तिने पुरं केलं होतं. आपण काय करून बसलो ह्याची तिला गंधवार्ताही नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची शुभा अशी कुणाला प्रश्न विचारत फिरणारी नव्हती बरं का. तेरा वर्षांची होती, दोन घट्ट वेण्या, वेण्यांना चपचपीत खोबरेल, आणि जर्मन म्हणाल तर ‘डांके’ आणि ‘बिट्टे’ ह्यांच्यापलीकडे शून्य. तिचे अण्णा, म्हणजे श्यामकांत आगाशे, एर्लांगेनला शिकायला आले, डिप्लोम घेतला आणि हेर्त्सोगेनआउराखच्या बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागले. मग त्यांनी बायकोला आणि मुलीला बोलावून घेतलं. शाळेत मधल्या सुट्टीत शुभा चेस्टनटच्या झाडाखालच्या बाकावर एकटी बसायची. कुणी तिला काही वाईट बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही. मुली त्या बाकाला वळसा घालून जायच्या, जसा आपण ओल्या रंगाच्या कठड्याला घालतो. पहिले सात-आठ महिने असे गेले.

मग इंग्रजीने तिला तारलं. तळावरच्या अमेरिकनांनी रविवारच्या बेसबॉल मॅचला गावकऱ्यांना येऊ द्यायला सुरुवात केली, आणि वर्गातल्या मुलींना तिथे जाऊन त्या लांब पायांच्या सोल्जरांशी बोलायचं होतं, पण बोलणार काय? शाळेतल्या इंग्रजीने त्यांना “हे टेबल आहे” एवढंच सांगता येत होतं. गुद्रुनला एकदम आठवलं की ती वेण्यांवाली फडाफडा इंग्रजी वाचते. झालं. गुद्रुन, उंच हानेलोर आणि मधोमध शुभा, अशी तिघींची सायकलफेरी दर रविवारी टेकडी चढू लागली. शुभा विचारायची, शुभा सांगायची, शुभा हसवायची. वेण्या गेल्या, पोनीटेल आली. खोबरेल फक्त शनिवारी रात्री, आई हट्टाला पेटली तर. ह्या उन्हाळ्यात तर ती पोट्ट्यांसारखी शीळ घालायला शिकली होती, आणि इथल्या गावच्या फ्रँकिश बोलीतला तो गडगडता ‘र’ असा काढायची की बेकरीवालीने विचारलं, तुझी आजी इथलीच का? आई म्हणायची, “ही घरात येत नाही, घरात वारं शिरतं.”

आता त्या रविवारी नेमकं काय पणाला लागलं होतं ते ऐका. अण्णांचं कारखान्यातलं काम डिसेंबरात संपत होतं. जेनोआहून परतीची बोट होती. हानेलोरची आई, फ्राउ लोहमायर, मनाने फार मोठी बाई, ती स्वतः घरी येऊन म्हणाली होती, “मुलीची शाळा अर्ध्यात तोडू नका. हानेलोरची खोली ऐसपैस आहे. दोन वर्षं आमच्याकडे राहू दे, परीक्षा होईपर्यंत.” अण्णांनी शुभाला समोर बसवून सांगितलं, “तू पंधरा वर्षांची आहेस. तू ठरव. सोमवारी मला तिकिटांचं कळवायचंय, तीन की दोन. रविवारी संध्याकाळी सांग.”  आईने त्या दिवसापासून रोज शुभाच्या आवडीचं काहीतरी करायला सुरुवात केली, आणि जेवताना तिच्याकडे बघायचं टाळायला.

शुभाचं तर आधीच ठरलं होतं. राहायचं. हानेलोरच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर. काय बोलायचं, कसं बोलायचं, हेही ठरलं होतं. उगीच रविवारपर्यंत थांबली होती, कारण सगळ्यांना ताटकळत ठेवण्यात एक मजा असते.

आणि तो रविवार उजाडला. एकसष्ट सालच्या ऑक्टोबरची पहिली तारीख. मोसमातली शेवटची मॅच.

आता बेसबॉल म्हणजे, अण्णा सांगतात त्याप्रमाणे, क्रिकेटचा चुलतभाऊ, पण तापट. पिचर म्हणजे गोलंदाज. तो उंचवट्यावरून बॉल फेकतो, समोरच्याने तो मारून पहिल्या बेसकडे धावायचं. तीन गडी बाद झाले की एका बाजूची पाळी संपली. अशा नऊ इनिंग. दरवेळी कुणीतरी दोन-चार फटके मारतंच. पण त्या दिवशी वेंडल प्रुइटचा हात असा काही चालत होता की समोरच्या संघाची माणसं बॅट घेऊन यायची, हवा कापायची आणि परत जायची. सात इनिंग झाल्या आणि फळ्यावर समोरच्यांच्या फटक्यांच्या चौकटीत शून्य. पुढच्या आठवड्यात वेंडलची तुकडी बर्लिनकडे निघणार होती. ऑगस्टात तिथे भिंत उभी राहिल्यापासून तळावरचे निम्मे लोक कुठे ना कुठे हलवले जात होते. म्हणजे वेंडलची ही इथली शेवटचीच मॅच.

आणि असा पराक्रम करून तो बाकावर येऊन बसला, तर त्याच्या शेजारी कुणी बसेना. सगळे सरकून सरकून दुसऱ्या टोकाला गेले. कुणी त्याच्याशी बोलेना, त्याच्याकडे बघेना. त्याचा बॉल झेलणारा कॅचर तर त्याच्यासमोरून जाताना चक्क आभाळाकडे बघत गेला.

“बघितलंस?” गुद्रुन म्हणाली. तिघी दोरीच्या पलीकडे गवतावर बसल्या होत्या. “कुणी बोलत नाही त्याच्याशी.”

“का पण?” शुभाने विचारलं.

“कोण जाणे. जळत असतील.” गुद्रुनने गवताची काडी चावली. “तू विचार की त्याला.”

“काय विचारू?”

“विचार, आज अजून एकालाही तुझा बॉल मारता आला नाही ना म्हणून. बरं वाटेल बिचाऱ्याला.”

“आत्ता? मॅच चालू असताना?”

“हिंमत नसेल तर राहू दे.”

हानेलोर आपल्या बुटांच्या नाड्या सोडत आणि बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, “जाऊ दे गं गुद्रुन. ती नाही जायची.”

संपलं. शुभाला असं कुणी म्हटलं की तिच्या पायांना चाकं लागतात. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तो लाकडी बाक, त्याच्या टोकाला एकटं बसलेलं माणूस, आणि त्याला वळसा घालून जाणारी माणसं. हे चित्र तिला फार चांगलं माहीत होतं. ह्याला वाळीत टाकलंय, तिच्या मनात आलं. चेस्टनटखाली ती बसायची तेव्हा एकाने, फक्त एकाने, येऊन काहीही विचारलं असतं, अगदी किती वाजले एवढंही, तरी तिने ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं. ती उठली, फ्रॉकवरचं गवत झटकलं, दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

ती परत येऊन बसते न बसते तोच कॅचरने आपला मोठा चामडी हातमोजा बाकावर आपटला. “कोण आहे ती?” तो ओरडला. “कुणी आत सोडलं तिला?” आठवी इनिंग सुरू झाली. वेंडल उंचवट्यावर गेला. त्याने बॉल हातात फिरवला, टोपी काढली, घातली, परत काढली. इतका वेळ तो असं काहीच करत नव्हता. नुसता मशीनसारखा टाकत होता. समोर आला तळाच्या भटारखान्यातला एक गोलमटोल माणूस. त्या दिवशी बॅट आणि बॉल ह्यांची त्याने गाठही पडू दिली नव्हती. त्याने पहिल्याच बॉलवर डोळे मिटून बॅट फिरवली, आणि बॉल टुणटुण उड्या मारत दोन खेळाडूंच्या मधून गवतात निघून गेला. इतका भिकार फटका, की मारणाराच क्षणभर धावायचं विसरला.

मैदानातून एक आवाज निघाला. ओरडा नव्हता तो. गावातल्या चर्चचं जड दार लागताना येतो तसा काहीतरी.

मग तटबंदीच फुटली. पुढच्याने मारला, त्याच्या पुढच्याने मारला, एकाने तर कुंपणाबाहेर, बटाट्याच्या शेतात. वेंडल घामाने निथळत होता आणि टाकत होता, आणि ते मारत होते. आणि लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. लोक वळून शुभाकडे बघत होते.

पहिल्यांदा शेंगांची टरफलं आली. केसात, मांडीवर. मग एका सोल्जरच्या बायकोने आपल्या चार-पाच वर्षांच्या पोराला बोट करून दाखवलं, “ती बघ, तिने केलं,” आणि त्या पोराने मन लावून, नेम धरून, आपल्या हातातला अर्धा चघळलेला बन शुभाच्या पाठीवर मारला. आजूबाजूचे हसले. “मस्त फेक, बिली,” कुणीतरी म्हणालं, “तूच जा पिचिंगला.” मागून एक सार्जंट आला आणि त्याने तिच्या दंडाला धरून, भाजीची पेंडी उचलावी तसं तिला उभं केलं. “बाहेर,” तो म्हणाला. “फाटकाबाहेर. आत्ता.”

शुभाने गुद्रुनकडे पाहिलं. गुद्रुन फळ्याकडे बघत होती. हानेलोर नाड्या बांधत होती.

फाटकापाशी सरबताची टपरी होती आणि तिथे बसणारी जाडजूड बाई, ती त्याच सार्जंटची बायको. तिने शुभाला ओळखलं. दर रविवारी तीन पेले मागणारी मुलगी.

“काय केलंस हे तू, पोरी?” ती म्हणाली. रागाने नाही, एखादं भांडं फुटल्यावर म्हणावं तसं.

“मी फक्त विचारलं,” शुभा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. “कुणी बोलत नव्हतं त्याच्याशी. मला वाटलं...”

“बोलायचंच नसतं. पिचरने असा शून्याचा खेळ लावला ना, की तो संपेपर्यंत कुणी त्याच्याजवळ जात नाही, आणि त्याबद्दल तर अवाक्षर काढत नाही. काढलं की मोडला. आमच्याकडे बालवाडीतल्या पोराला माहीत असतं. पाच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या पिचरने वर्ल्ड सिरीजमध्ये सत्तावीसच्या सत्तावीस परत पाठवले, एकाला पहिल्या बेसवर पाऊल टाकू दिलं नाही. तेव्हा त्याचे सख्खे सोबती त्याच्याशी बोलायला तयार नव्हते. प्रेमापोटी गं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

बाईने पेला पुसता पुसता हात थांबवला. “तुझ्या मैत्रिणींना तर सांगितलं होतं मी. पंधरा दिवस झाले. त्या दिवशी तू नव्हतीस बरोबर. हातवारे करकरून समजावलं दोघींना. त्या उंच मुलीने मला दोनदा विचारलं, मग कुणी बोललं तर काय होतं? मी म्हटलं, बोलून बघ, आमचे लोक जिवंत सोडणार नाहीत.” आणि स्वतःच्याच विनोदावर ती हसली.

पंधरा दिवसांपूर्वीचा रविवार. त्या दिवशी शुभाच्या घरी गणपती होता. एर्लांगेनहून मराठी विद्यार्थी आले होते, आईने पाटावर शाडूऐवजी कुंभाराकडची लाल माती आणून मूर्ती केली होती, आणि शुभा दिवसभर मोदक वळत होती. संध्याकाळी तिने त्यातलेच चार मोदक डब्यात घालून सायकलवरून नेऊन दिले होते. दोन गुद्रुनला, दोन हानेलोरला. “लेकर,” हानेलोर म्हणाली होती, बोटं चाटत. म्हणजे छान.

शुभा सायकलींपाशी जाऊन उभी राहिली. आतून मैदानाचा गलका येत होता, आणि प्रत्येक गलक्याबरोबर कळत होतं की आणखी एक फटका बसला. थोड्या वेळाने गुद्रुन बाहेर आली. एकटीच. शुभाला वाटलं होतं की ती तोंड पाडून येईल. ती सरबत पीत आली.

“रडतेयस?”

“नाही.”

“मग ठीक आहे.” गुद्रुन सायकलच्या सीटवर टेकली. “तुला कळलं वाटतं. त्या बाईचं तोंड म्हणजे ना. हे बघ, माझ्यावर चिडू नकोस. कल्पना माझी नव्हती.”

“कुणाची होती?”

“कुणाची असेल?” तिने पेल्यातला बर्फ हलवला. तिला मजा येत होती, आणि ती लपवायची तसदी घेत नव्हती. “तिला तू घरी नको आहेस, शुभा. तिची आई जबरदस्ती करतेय. आईला नाही कसं म्हणणार, ती तर संत आहे ना. हानेलोर म्हणते, दोन वर्षं त्या तेलाच्या वासात झोपायचं? उशीला वास, पडद्याला वास. म्हणाली, तळावर तिचा चांगला पचका झाला की आपणहून पुण्याला जाईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही.”

“तेल मी लावत नाही आता.”

“मला काय सांगतेस? मी नाही झोपणार तुझ्याजवळ.” तिने पेला संपवला. “आणि हे मी तुला सांगितलं नाही. कळलं? तिला कळलं तर माझी खैर नाही.”

मॅच संपली. माणसं बाहेर पडू लागली. वेंडल प्रुइट आला, टोपी हातात, केस कपाळाला चिकटलेले. शुभा पुढे झाली. “माफ करा,” ती म्हणाली, “मला खरंच माहीत नव्हतं.” तो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. शिवी दिली नाही, मान फिरवली नाही, पावलाचा वेगही बदलला नाही. त्याच्या नजरेत ती नव्हतीच. आणि शुभाला त्या क्षणी टरफलं आठवली, बन आठवला, सार्जंटची बोटं आठवली, आणि वाटलं की ते सगळं ह्याच्यापेक्षा बरं होतं. न बोलण्यात इतकं काही भरता येतं हे तिला माहीत असायला हवं होतं. चेस्टनटखाली ती आठ महिने दुसरं काय शिकली होती?

मग हानेलोर आली.

तिने हळूच शुभाकडे पाहिलं आणि म्हणाली, “किती दुष्ट असतात ना हे लोक?”

शुभाच्या जिभेवर सगळं तयार होतं. अगदी फ्रँकिशमध्ये, त्या गडगडत्या ‘र’सकट. तिने तोंड उघडलं. आणि मिटलं.

“चला,” ती म्हणाली. “उतार आहे, ब्रेक सांभाळा.”

तिघी निघाल्या. टेकडीच्या उतारावर हानेलोर बोलतच सुटली. मॅचबद्दल, गणिताच्या पेपरबद्दल, कुणाच्या तरी नव्या पेटिकोटबद्दल. शुभा “हं” म्हणायची, हसायची, आणि पुढे काहीच नाही. एकदा हानेलोर म्हणाली, “तुला राग आलाय का?” “कशाचा?” शुभाने विचारलं, आणि तिच्याकडे अशा निर्मळ डोळ्यांनी पाहिलं की हानेलोरच्या सायकलचं पुढचं चाक लटपटलं. शुभाला ते दिसलं. उंचवट्यावर उभा राहून टोपी काढणारा, घालणारा, परत काढणारा वेंडल तिला आठवला. बोललं की मोडतं, असं त्या बाईने सांगितलं. पण न बोलल्यानेही मोडतं की, फक्त थोडा जास्त वेळ लागतो. दोन वर्षं, समजा.

पुलापाशी गुद्रुन वळली. हानेलोरच्या दारात फ्राउ लोहमायर एप्रनला हात पुसत उभीच होती. “ये, ये, आधी वर ये, तुला दाखवायचंय.” खिडकीखाली पलंग लागला होता. नवी गादी, पांढरी चादर, निळ्या ठिपक्यांचा पडदा, उशीवर लॅव्हेंडरची छोटी पुरचुंडी. “कपाटातले दोन खण हानेलोरने रिकामे केलेत,” ती कौतुकाने म्हणाली. हानेलोर दाराच्या चौकटीत उभी होती, कानाच्या पाळ्या लालबुंद. ती शुभाच्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती.

शुभाने उशी हातात घेतली, नाकाशी नेली, जागेवर ठेवली.

“फार सुंदर वास आहे,” ती म्हणाली.

हानेलोर एकदम खाली निघून गेली.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. अण्णा रेडिओला कान लावून बसले होते. अमेरिकन सैन्याचं केंद्र न्यूयॉर्कहून मॅच ऐकवत होतं. अण्णा तसे क्रिकेटचे, पण आकड्यांचा नाद त्यांना कुठेही घेऊन जातो, आणि ह्या उन्हाळ्यात रॉजर मॅरिस नावाच्या माणसाने त्यांची झोप उडवली होती. एका मोसमात साठ होमरन, म्हणजे थेट कुंपणापारचे फटके, हा बेब रूथचा चौतीस वर्षांपूर्वीचा उच्चांक. मॅरिसचेही साठ झाले होते, आणि आज शेवटचा दिवस.

“केसात काय आहे तुझ्या?” आईने विचारलं. तिने एक टरफल काढलं, मग दुसरं. “हे काय गं?”

“शेंगा खाल्ल्या.”

“डोक्याने?”

आई हसली आणि तिने शुभाचं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली. पण तेवढ्यात रेडिओवरचा माणूस एकदम वरच्या पट्टीत गेला आणि अण्णा खुर्चीतून उठले. “एकसष्ट. मारला त्याने. एकसष्ट सालात एकसष्ट.”

“अहो, हळू,” आई म्हणाली. “वरचे लोक काठी आपटतील.”

“पण अण्णा, आवाज एवढाच कसा?” शुभाने विचारलं. “एवढा मोठा उच्चांक मोडला, आणि लोक एवढेच ओरडतायत?”

“अर्धं स्टेडियम रिकामं आहे म्हणे.” अण्णांनी आवाज कमी केला. “लोकांना नकोच होता हा. त्यांच्या लाडक्या रूथचा उच्चांक ह्याने मोडावा असं कुणालाच वाटत नव्हतं. उन्हाळाभर छळलं त्याला, शिव्या घातल्या, केस गळायला लागले बिचाऱ्याचे. वरून सांगून ठेवलंय की आता मॅचेस जास्त असतात, तेव्हा ह्याचा आकडा रूथच्या शेजारी वेगळा लिहायचा.”

“म्हणजे दोघं शेजारी शेजारी?”

“हो. कायमचे.”

शुभा बराच वेळ रेडिओकडे बघत राहिली. आईने ताटं घेतली. पुरणपोळी होती. ऑक्टोबरात, हेर्त्सोगेनआउराखमध्ये, कशाचाही सण नसताना पुरणपोळी. आईने तिच्या पानात तूप वाढलं, जरा जास्तच, आणि आज पहिल्यांदा ती शुभाकडे सरळ बघत बसली.

“काही झालंय का तिथे?” आईने विचारलं. “कुणी काही बोललं? नसेल राहायचं तर नाही म्हण. पुण्यात शाळा काय कमी आहेत? सुधामावशी तर केव्हाची वाट बघतेय.”

आईच्या आवाजात आशा होती, इतकी उघडी की तिच्याकडे बघवत नव्हतं. एक शब्द पुरला असता. “हो आई, झालंय,” एवढाच. मग आईने तिला कुशीत घेतलं असतं, तिसरं तिकीट निघालं असतं, आणि टेकडी, बाक, टरफलं सगळं समुद्रापलीकडे राहिलं असतं. शुभाने पोळीचा तुकडा मोडला. तुपात बुडवला. हानेलोरच्या लाल कानाच्या पाळ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

“कुणी काही बोललं नाही,” ती म्हणाली.

“मग?” अण्णांनी रेडिओ बंद केला. “तीन की दोन?”

“दोन,” शुभा म्हणाली. आईचा हात तुपाच्या भांड्यावर तसाच राहिला. शुभाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मोडलं असतं. “माझं ठरलंय. मी हानेलोरकडेच राहणार, तिच्याच खोलीत, पूर्ण दोन वर्षं. आणि आई, जाताना खोबरेलच्या बाटल्या नेऊ नकोस. सगळ्या माझ्याकडे ठेव. मी आता रोज लावणार आहे.”